नव्या बंदुकीच्या आतलं कुंकू

पत्र्याच्या बंदुकीला मी आयुष्यभर नावं ठेवली. शस्त्रागारात माझी तीस वर्षं गेली. कुठल्या दलाच्या, ते विचारू नका. नांदेडात होतं, एवढं पुरे. बंदुका दुरुस्त करणं, तेलपाणी करणं, सकाळी शिपायांच्या हाती देणं आणि संध्याकाळी परत घेणं, हे माझं काम. आमच्या जुन्या कार्बाइन म्हणजे दाबून वाकवलेला पत्रा, वेल्डिंगचे टाके आणि आत एक दणकट स्प्रिंग. हलवली की खुळखुळायची. आमच्या भोकरकडचा लोहार विळासुद्धा याहून मन लावून करतो, असं मी येईल त्याला ऐकवायचो.

माझा जोडीदार हवालदार खास नांदेडचा, कुलपं दुरुस्त करणाऱ्या जुन्या मुसलमान घरातला. त्याला माझी फार गंमत वाटायची. "उस्ताद, ढिली हाय म्हणूनच चालून राहिली ना ती," तो म्हणायचा. "धूळ खाते, चिखल खाते, अन् ढेकर बी देत न्हाई."

त्याचं खरं होतं. उन्हाळ्यात काळ्या रानाची धूळ कुठं शिरत नाही? या बंदुकीत ती शिरायची आणि तशीच बाहेर पडायची. शिवाय एका उंची बंदुकीच्या खर्चात अशा मूठभर येतात, म्हणजे कुणी शिपाई रिकाम्या हाती राहत नाही. हे मलाही कळत होतं. पण एकदा किल्लारीच्या रस्त्यावर जीपला गचका बसला, भरलेली कार्बाइन सीटवरून घसरली, तिचा दस्ता खाली आपटला आणि चापाला कुणाचं बोट नसताना गोळी सुटली. वरच्या ताडपत्रीतून आरपार गेली. हवालदार तिथंच बसलेला. तो कितीतरी वेळ आपला कान चाचपत होता आणि मला विचारत होता, "हाय का? हाय का जागेवर?" मी खाली उतरलो आणि रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकलो. कुणाची चूक नव्हती. स्वस्त घडणीत आतला बोल्ट, म्हणजे गोळी पुढं ढकलणारा पोलादी ठोकळा, अडवून धरायला नीट काही ठेवलेलंच नसतं. जोराचा दणका बसला की तो आपोआप सुटतो.

पुढं माझी लेक याच दलात भरती झाली. पेढे मीच वाटले, पण पेढे वाटताना डोळ्यांपुढं ताडपत्रीतलं ते भोक होतं. तिला ड्युटीही मिळाली ती नांदेड-लातूर बंदोबस्ताच्या गाडीवर, म्हणजे रोज जीप आणि रोज मांडीवर कार्बाइन.

त्याच वर्षी पारखून बघायला दोन परदेशी बंदुका आल्या. अखंड पोलादातून कोरून काढलेल्या. बोल्ट सोडला की चांगल्या डब्याचं झाकण बसावं तसा बसायचा. मी एकीत बारूद काढलेलं, नुसती फुटणारी टोपी असलेलं काडतूस घालून ती फरशीवर आपटली. एकदा नाही, दहादा. चाप ओढल्याशिवाय ती हूं की चूं करत नव्हती. मला रडू यायचं बाकी राहिलं. साहेब म्हणाले, दसरा झाला की गोळीबाराच्या रेंजवर जुनी आणि नवी दोन्ही चालवून बघू, जी उतरेल ती बंदोबस्ताच्या सगळ्या गाड्यांना मागवू. माझ्या मनानं निकाल कधीच दिला होता. दोन नव्यांपैकी एकीवर लेकीचं नावही मी मनातल्या मनात घालून टाकलं.

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं सगळी हत्यारं सतरंजीवर मांडून पूजा होते. कार्बाइनच्या नळ्यांवर मी एकेक बोट टेकवत भराभर पुढं सरकलो. नव्या दोघींपाशी मात्र बसलो. मनात धरलेल्या बंदुकीचा बोल्ट मागं ओढला आणि तेलात कालवलेलं हळदकुंकू थेट आतल्या पोलादाला लावलं. नारळाच्या पाण्याचा शिपकाही आत दिला. "पोरीला सांभाळ गं बाई," असं म्हणालोही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कार्बाइन हाताच्या सवयीनं उघडून पुसल्या. नवीला फक्त वरून फडकं मारलं. पूजेचं कुंकू लगेच पुसायला मन झालं नाही. तीस वर्षं ज्यानं पोरांना "आतून पुसा रे" म्हणून शिव्या घातल्या, त्या माणसानं हे केलं.

रेंजवर मी मनात धरलेलीच नवी बंदूक नेली, जोडीची कपाटातच राहिली; साहेबांनी ती माझ्या लेकीच्याच हाती दिली. एक गोळी गेली. दुसरी गेलीच नाही. तिनं बोल्ट ओढला, तो हलेना. शेजारी खुळखुळणाऱ्या कार्बाइननं तडतड करत अख्खं मॅगझिन रिकामं केलं. लेकीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, आणि तो चेहरा मला आजही झोपू देत नाही.

मी धावलो, बंदूक घेतली, जोर लावून उघडली. आत लालपिवळा चिकटा बसला होता. तिला वाचवायला म्हणून मीच तिच्या बंदुकीचा गळा आवळला होता. आणि लाज वाटते सांगायला, पण मी पहिलं काम काय केलं, तर कुणाला दिसायच्या आत ती बंद केली.

"नाजूक प्रकरण दिसतंय," साहेब म्हणाले. "आपल्या जुन्याच बऱ्या."

हवालदारानं माझ्या लाल बोटांकडं पाहिलं. तो जवळ आला. "उस्ताद, आज गप बसलात तर पोरगी रोज ती जुनीच मांडीवर घेऊन बसंल," एवढंच म्हणाला.

दुपारी मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. कुंकू, तेल, नारळाचं पाणी, काही लपवलं नाही. निलंबनाची तयारी ठेवूनच गेलो होतो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पुढच्या वर्षी पूजा बंद करणार का?" त्यांनी विचारलं.

"बंद कशी करता येईल, साहेब?"

"तुमच्या जागेवर जो येईल तो?"

"तोही करणारच."

"मग झालं तर. दसरा दरवर्षी येतो. ज्या बंदुकीला बोटभर कुंकू सोसत नाही, ती इथं काय कामाची?"

खरं बोललो की नव्या बंदुकीवरचा ठपका जाईल, असं मी धरून चाललो होतो. माझ्या खऱ्यानंच तिचा निकाल पक्का झाला. "पण साहेब, जुनी पडली की गोळी उडते," मी कसाबसा म्हणालो.

"पडू द्यायची नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रागाराच्या खिडकीपुढं रांग लागली. लेकीचा नंबर आला. मी कार्बाइन पुढं केली, तिनं ती धरली. मागचे शिपाई खोळंबले होते.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "सोडा की आता."