पत्रांतलं बंदर

माझ्या ताईचं सासर कोकणातल्या एका लहानशा बंदरावर होतं. गावाचं नाव लिहीत नाही. त्या घरातली माणसं अजून तिथेच आहेत, आणि त्यांच्याविषयी चार शब्द बरे लिहावेत इतकं माझं मन मोठं नाही.

आम्ही मध्य प्रदेशातल्या सौंसरचे. बाबा मराठी शाळेत भूगोल शिकवायचे. भरती-ओहोटी त्यांनी वीस वर्षं परातीतलं पाणी हलवून समजावली होती. समुद्र काही पाहिला नव्हता. नागपूरच्या नातेवाइकांनी हे स्थळ आणलं तेव्हा एवढ्या लांब नको म्हणून आईने डोळ्यांना पदर लावला. बाबांनी मुलाची नोकरी विचारली आणि लगेच घरापासून समुद्र किती दूर ते विचारलं. चालत दहा मिनिटं, असं कळलं. लग्न तिथेच ठरलं, असं मी आजही म्हणते.

ताईचं पहिलं अंतर्देशीय पत्र आलं त्यात ‘इकडे सर्व ठीक’ ही एक ओळ होती आणि बाकी सगळा किल्ला. तीन बाजूंनी खडक, समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर. बाबा हरखून गेले. पत्र त्यांनी सातवीच्या वर्गात वाचून दाखवलं आणि उलट टपाली विचारलं, किल्ला कोणी बांधला, तटाची उंची किती. पुढच्या पत्रात तेही आलं. मग दीपगृह आलं, जुना धक्का, जकातीची कोठी, गलबतं बांधायची जागा. बाबा शुद्धलेखन तपासायचे, लाल शाईने खाली दहापैकी नऊ गुण द्यायचे. शेजारच्या बोरगावचा कोणी बाजारात भेटला तरी त्याला ते बंदराचा इतिहास ऐकवल्याशिवाय सोडत नसत. आई मात्र प्रत्येक पत्र ऐकून झालं की विचारायची, तिच्या जिवाचं काही लिहिलं नाही का. अख्खं पत्र तिचंच तर आहे, असं बाबा म्हणायचे.

दोन वर्षांनी ताई पहिल्यांदा माहेरी आली. जावई सोडून गेले, आठ दिवसांनी न्यायला येतो म्हणाले. ती अर्धी झाली होती. प्रवासाचा शीण असेल म्हणून आम्ही विषय मिटवला. बाबांना कुठला धीर! तिसऱ्याच दिवशी ते तिला शाळेत घेऊन गेले, बरोबर मीही गेले. फळ्यावर त्यांनी आधीच किनारा काढून ठेवला होता. ताई घडाघडा बोलली, सगळी पत्रांतलीच वाक्यं. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, लाट पायाला लागली की कसं वाटतं.

ताईने फळ्यावरच्या किनाऱ्याकडे पाहिलं.

“मले नाही माहीत,” ती म्हणाली. “मी समुद्र पाह्यलाच नाही.”

पोरं हसली, त्यांना ती गंमत वाटली. बाबांनी वर्ग सोडून दिला.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं, आणि सांगताना ती रडलीसुद्धा नाही. तिला फाटकाबाहेर जाऊ देत नव्हते. तिचं प्रत्येक पत्र आधी सासरे वाचायचे. घरातली गोष्ट लिहिलेलं पत्र चुलीत जायचं, किल्ल्याचं पत्र पोस्टात पडायचं. माहिती ती पुतण्याच्या तिसरीच्या भूगोलातून उतरवून घ्यायची. ते पुस्तक त्यांच्या जिल्ह्यापुरतं होतं. आमच्या मध्य प्रदेशात मिळत असतं तर बाबांनी पहिल्याच पत्रात नक्कल पकडली असती.

“मी दर पत्राले उत्तर देत होतो,” बाबा म्हणाले. “एखादा इशारा तरी द्यायचा.”

“तुमी तटाची उंची विचारली, बाबा. मी कशी आहो, हे एकदाही नाही विचारलं.”

बाबा उठून मागच्या अंगणात जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

उरलेले दिवस ताई घरात वावरत होती. मी परत जात नाही, असं ती म्हणाली नाही; ते तिने म्हणायचंच नव्हतं. “राह्य आता इथंच”, एवढं आमच्यापैकी कोणी म्हणायला हवं होतं. आई बाबांकडे पाहायची, बाबा जमिनीकडे. आणि माझ्या लग्नाचं लोधीखेड्याला बोलणं चाललं होतं. नवऱ्याला सोडून बहीण घरी बसली तर ते लोक माघार घेतील, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. ताईने एकदा विचारलं, मुलगा कसा आहे. चांगला आहे, एवढंच म्हणून मी स्वयंपाकघरात निघून गेले. ती माझ्या मागे आली नाही. माझी मला लाज वाटत होती, तरी मी तोंड उघडलं नाही.

आठव्या दिवशी जावई आले. आम्ही पुरणपोळी केली. नॅरोगेजच्या छोट्या लाईनच्या स्टेशनवर बाबांनी त्यांच्यापुढे हात जोडले आणि एकदा तरी तिला समुद्र दाखवा म्हणाले. जावयांनी हसून मान हलवली. ताई खिडकीतून एकेकाकडे पाहत होती. माझी पाळी यायच्या आत मी पाण्याचा तांब्या भरायला नळावर गेले.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न लोधीखेड्याला झालं. ताईला तिच्या सासरच्यांनी पाठवलं नाही.