आमच्या घरचा बाजा

माझ्या लग्नात नवऱ्यानेच सनई वाजवली. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं, पण झालं तसंच. माझं सासर बाजेवाल्यांचं. सासरे आणि त्यांचा थोरला मुलगा सनई वाजवत, धाकटा मुलगा ढोल, आणि एक चुलत सासरे टिमकी. थोरल्याचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं लग्न, तेव्हा वरबाप म्हणून सासऱ्यांना विधीला बसणं भाग होतं. सनईसाठी खालापूरच्या बाजूचा एक ओळखीचा माणूस सांगून ठेवला होता, तो आलाच नाही. पळसदरीला, माझ्या माहेरच्या वेशीवर, वऱ्हाड ताटकळत उभं राहिलं. बाजाशिवाय मांडवात शिरायचं कसं? शेवटी नवरदेवाने मुंडावळ्या डोक्यावर मागे टाकल्या, वडिलांच्या हातातली सनई घेतली आणि वाजवत वाजवत मांडवाच्या दारापर्यंत आला.

आत मला हळद लागलेली, मान खाली. बायका आधी हसल्या. माझी आत्या म्हणाली, बाई गं, नवराच वाजंत्री. माझ्या वडिलांचा चेहरा पडला होता, असं मला नंतर कळलं. पण सूर जवळ आला तसं हसणं थांबलं. मी तोवर त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. आधी ऐकलं, मग पाहिलं.

तेव्हा दुसरी मोठी लढाई सुरू होऊन थोडे दिवस झाले होते, पण तिची झळ आमच्याकडे पोचली नव्हती. सासर कडावजवळ, चहूकडे भातखाचरं. पावसाळ्यात घरातले सगळे इतरांसारखेच शेतात राबत. भात झोडून झालं की ढोलाला नवं कातडं चढे, आणि माघापासून वैशाखापर्यंत पुरुष घरी टिकत नसत. हळदी, वराती, शिमग्याच्या पालख्या, चैत्रातल्या जत्रा. कर्जतपासून खालापूरपर्यंत आणि पुढे घाटाच्या पायथ्याशी कुंभिवलीपर्यंत आमच्या घरच्या बाजाला सुपारी येई. काही घरं तर आधी आमच्याकडे येऊन मोकळे दिवस विचारत आणि मग भटजीकडे जात. माझे सासरे हे स्वतः कधी सांगत नसत. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, पाणवठ्यावर सांगत.

बाजा म्हणजे नाच. ढोल चढला की समोरची माणसं आपोआप हलू लागत. कमरेत वाकलेले म्हातारे काठी टाकून नाचलेले मी पाहिले आहेत. धाकटे दीर ढोल गळ्यात अडकवून नाचणाऱ्यांच्या अंगावर जात, पुन्हा मागे येत, त्यांचं हसणं थांबत नसे. सासरे सुराच्या वेगळ्या सनईवर एकच लांब सूर धरून उभे राहत, आणि त्या सुरावर हे वाजवत. ह्यांची गोष्ट अशी की वाजवताना श्वास कुठे घेतात ते कळत नसे. गाल फुगलेले, नाकाने हवा आत ओढायची, पण सूर तुटू द्यायचा नाही. लोक टक लावून बघत, आता थांबेल, मग थांबेल. हे थांबत नसत.

घरी सकाळी दोघे बापलेक पडवीत बसून वाजवत. मी आत भाकऱ्या थापत असे. लग्नाच्या चौथ्या वर्षी, मला वाटतं, मला पहिल्यांदा जाणवलं की सूर मध्येच तुटतोय. बाहेरच्या कुणाला कळलं नसतं. भाकरी परतायला जेवढा वेळ लागतो तेवढाच खंड. मी ह्यांना विचारलं. म्हणाले, ताडाची पत्ती जुनी झालीय, बदलायला हवी. सनईच्या तोंडाशी ती पत्ती असते, तीच वाजते. त्यांनी पत्ती बदलली. सूर तुटतच राहिला. मग खोकला आला, संध्याकाळचा ताप आला, आणि उन्हाळ्यातही ते अंगावर घोंगडी ओढू लागले.

कर्जतच्या दवाखान्यात मीही बरोबर गेले होते. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून खूप वेळ ऐकलं. मग ह्यांना बाहेर बसवलं आणि सासऱ्यांना सांगितलं की क्षय आहे. भांडी वेगळी ठेवा, अंथरूण वेगळं ठेवा, दूध अंडी द्या, हवेच्या जागी ठेवा. धंदा काय म्हणून विचारलं. सासऱ्यांनी सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फुंकणं आजपासून बंद. एकदासुद्धा नाही."

आम्ही बैलगाडीने परतलो. घर जवळ आल्यावर ह्यांनी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, मंग मी काय करू?" सासऱ्यांनी बैलांना हाकलं.

वाजवायची सनई दोघांत फिरायची, एक दमला की दुसरा तीच तोंडाला लावायचा. सासऱ्यांना काही झालं नाही, ह्यांना झालं. हा आजार कुठून आला हे मला कधीच कळलं नाही. आत्याबाई एकेका गावाचं नाव घेऊन बोटं मोडत.

ह्यांना पडवीच्या टोकाला कुडाचा आडोसा करून दिला. मी जेवण ठेवायची आणि लांब बसायची. ते पडल्या पडल्या पांघरुणावर बोटं हलवत. कुठलं वाजवताय, असं मी विचारलं की लाजल्यासारखे हात आत घेत. त्या साली लग्नंही आखडली होती. तांदळावर बंदी आली, रॉकेल मिळेना, चार दिवसांचं लग्न दीड दिवसात उरकू लागलं. मुंबई-पुणे रस्त्यावर लष्कराच्या मोटारी धावत, त्यांच्या धुळीत कुंभिवलीकडच्या वराती कडेला उभ्या राहत. तरी सासरे जात होते. एकट्याने सनई धरायची म्हणजे सूर कोण देणार? लांब सूर नसला की सनई उघडी पडते. लोक नाचता नाचता थांबू लागले.

मग जवळच कडावातल्या एका मोठ्या घरचं लग्न आलं. तीन पिढ्या त्या घरी आमचाच बाजा. सासरे आदल्या सकाळी आडोशापाशी येऊन बसले. मी अंगण सारवत होते, मला ऐकू येत होतं.

"नुसता सूर धरशील का रं?" ते म्हणाले. "वाजवायचं मी. तू नुसता मागं उभा ऱ्हा."

हे लगेच उठून बसले. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा मी तसा पाहिला नव्हता. मी शेण लागल्या हातांनीच पुढे गेले आणि म्हटलं, डाक्तरनं नाय सांगितलंय. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे म्हणाले, "अगं, नुसता सूर. त्यात काय हाय?"

मी सुवासीन म्हणून त्या लग्नाला गेले होते, त्यामुळे पुढचं मी पाहिलं. हळद लागली, बाजा सुरू झाला. हे भिंतीला टेकून सूर धरून उभे होते. थोड्या वेळाने सासरे दमले, त्यांनी सनई खाली घेतली, आणि ह्यांनी सूर सोडून ती सनई घेतली आणि वाजवायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. दिरांनी ढोल वाजवता वाजवता मान वळवून पाहिलं आणि लय वाढवली. अख्खं अंगण नाचायला लागलं. मीही क्षणभर सगळं विसरले, खोटं कशाला सांगू. इतकं चांगलं ते त्याआधी वाजवत होते की नाही, मला सांगता येत नाही. मग सूर तुटला. ह्यांनी तोंडावर उपरणं धरलं आणि मांडवाच्या मागे गेले. मी पोचले तेव्हा उपरण्यावर रक्त होतं, जास्त नव्हतं. "माजा दम गेला गं," एवढंच म्हणाले. अंगणात ढोल चालूच होता, तिथे कुणाला काही कळलं नव्हतं.

त्यानंतर ते उठले नाहीत. लावणीच्या दिवसांत गेले. घरातले अर्धे लोक खाचरात होते, मला बोलवायला बांधावरून एक शेजारीण धावत आली. आमच्याकडे म्हातारं माणूस गेलं तर वाजवत नेतात. हे तरणे होते. वाजवलं नाही. पाऊस लागलेला, लाकडं ओली, सगळं आटोपायला फार वेळ लागला.

घरी आल्यावर आत्याबाई सासऱ्यांना एकदाच म्हणाल्या, "तुमी नेलात त्याला." पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. म्हणत राहिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. भांडण तरी झालं असतं. त्या एका वाक्यानंतर ती दोघं एका घरात राहिली, जेवली, पण एकमेकांशी लागेल तेवढंच बोलली.

पुढच्या माघात सासरे सुपारी ठरवायला घरोघर गेले. सकाळी धुतलेलं धोतर नेसून निघत, दुपारी परत येत. कुणी तोंडावर काही बोललं नाही. कुणी म्हणे यंदा साधंच करतोय, कुणी म्हणे मुलीकडचे आपला बाजा आणतायत. पण ज्या घरात क्षयाने तरणा मुलगा गेला, त्या घरची सनई हळदीच्या अंगणात नको, हे सगळ्यांच्या मनात होतं. त्यांची तरी काय चूक? आपल्या मुलीच्या लग्नात मीही तेच केलं असतं.

आणि कर्जतला तोवर बँड निघाला होता. लढाईवरून सुटून आलेल्या एकाने काढलेला. लाल कोट, पितळेची चकचकीत वाद्यं, पुढे मोठा ड्रम. सिनेमातली गाणी वाजवत. त्यांना ड्रमला माणूस हवा होता, आणि आमच्या दिरांसारखा हात त्या टापूत दुसरा नव्हता. दिरांनी आठवडाभर जेवणावरून उठताना काहीतरी बोलायचं म्हणून घसा साफ केला आणि न बोलता गेले. अखेर सासरेच म्हणाले, "जा. वाजवता येतंय तंवर वाजव." ते रागाने म्हणाले नाहीत. राग असता तर दीर कदाचित थांबले असते.

मी आता लग्नाच्या घरी जाऊ शकत नव्हते. ज्या घराचं सारं पोट लग्नावर, त्या घरातली मी विधवा, मला हळदीच्या दिवशी कुणाच्या समोर यायची मुभा नव्हती. शेजारी लग्न निघालं तेव्हा आत्याबाईंनी मला माजघरात बसायला सांगितलं आणि स्वतःही माझ्याजवळ बसल्या. बँड आमच्या दारावरून गेला. वरचं गाणं मला नवीन होतं, पण ड्रमवरचा हात मी ओळखला. आत्याबाईंनीही ओळखला. त्यांनी पदर तोंडात धरला. सासरे पडवीत बसले होते. लोक नाचत पुढे सरकले, आमच्या दारासमोर कुणी थांबलं नाही. दीर दारावरून जाताना खाली बघत होते, असं आत्याबाईंना नंतर कुणीतरी सांगितलं.

दोन वर्षांनी त्या बँडचंही मोडलं. दीर मुंबईला गिरणीत लागले, तिथल्या बाईशी लग्न केलं, आणि मग येणं कमी होत गेलं. सासरे शेवटी कुणाशीच बोलत नसत. त्यांना म्हातारपणात मरण आलं, म्हणजे वाजवत न्यायला हरकत नव्हती, पण वाजवायला घरात कुणी उरलं नव्हतं, आणि बाहेरचा बाजा आणा असं आत्याबाई म्हणाल्या नाहीत. पुढे आत्याबाईही गेल्या, आणि मी पळसदरीला भावाकडे आले आणि दुसऱ्यांच्या शेतांवर लावणीला जाऊ लागले. तेव्हापासून इथेच आहे.

मध्यंतरी भावाच्या नातीने विचारलं, सनईवाले आजोबा काय वाजवायचे? मी गुणगुणून दाखवायला गेले. खूप प्रयत्न केला. तोंडात आलं ते बँडवाल्यांचं सिनेमातलं गाणं. ह्यांचं कडावातलं ते वाजवणं, ज्यावर अख्खं अंगण नाचलं, त्यातलं मला एवढंसुद्धा आठवत नाही. कुणी उतरवून ठेवलेलं नाही, शिकलेलं कुणी जिवंत नाही. ती पोर वाट बघून खेळायला निघून गेली.