डोकं नसलेला मोर

मांजर आडवं गेलं तर मी त्यालाच 'बाजूला हो' म्हणतो, इतका माझा या गोष्टींवर विश्वास. तरी लिहितोय, कारण घरात यावर कुणी बोलतच नाही.

माझी धाकटी बहीण केतकी. तिला जन्मतः हेटरोटोपिया आहे - म्हणजे गर्भातच मेंदूच्या काही पेशी आपल्या जागी पोचल्या नाहीत, वाटेतच थांबल्या. त्यामुळे फिट येतात. फिटच्या जरा आधी तिला कायम एकच चित्र दिसायचं. "दादा, हिरवं दार... मोर. डोकं नाही त्याला." आमच्याकडे 'मोर' ऐकलं की आई गॅस बंद करून धावायची, मी उशी आणायचो. त्या मोराच्या कृपेनं ती कधी उभ्यानं कोसळली नाही. डॉक्टर म्हणाले, ही फिटचीच सुरुवात असते. पटलं.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं जुनं क्वार्टर पाडायला निघालं, म्हणून दुसऱ्या कॉलनीत मिळालं. सामान लावताना आईनं स्वयंपाकघरातलं भिंतीतलं कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिली. हिरवं दार... आतून मोराचं स्टिकर. डोकं खरवडलेलं.

केतकी बिल्कुल शांत. "हाच तो," म्हणाली आणि डबे लावायला लागली.

त्या कॉलनीत आम्ही आधी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "दिमाग़ बाद में जोड़ लेता है." अच्छा. पण मोर तर आम्ही सगळेच लहानपणापासून ऐकत होतो... मग जोडलं कुणाच्या दिमाग़ानं?

तेव्हापासून मोर दिसत नाही. फिट मात्र येतात. एकदा चहा पिताना ती म्हणाली, "बाल्कनीत दोनच खुर्च्या." आम्ही ऐकून सोडून दिलं. पुढच्याच क्षणी ती पडली, हनुवटीला टाके घालावे लागले. आता तेच वाक्य ऐकलं की आम्ही धावतो.

त्या दिवशी ती सावरल्यावर मी विचारलं, "कुणाच्या गं खुर्च्या?"

"एक तुझी, एक माझी."

आई-बाबा तिथंच होते. आई कप उचलून आत गेली. मला भीती वाटली, अजूनही वाटते.

बाल्कनीत आमच्या चौघांच्या चार खुर्च्या आहेत. आईच्या उपासतापासांना हसणारे बाबा परवा करोल बागेतून आणखी दोन घेऊन आले.

"बाबा, कशाला?"

"अरे, पाहुणे येतात."

आमच्याकडे पाहुणे येत नाहीत.