घशामागची पिशवी

शेजारचे विनायकराव जेवायला बसले की घास उसळायचा. डोळे लाल व्हायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि दुपारी खाल्लेला भात संध्याकाळी जसाच्या तसा बाहेर फेकला जायचा. "माझ्या हातचं एवढं नकोसं झालंय, तर तोंडानं सांगा की," त्यांच्या पत्नी शालिनीबाई म्हणायच्या.

तपासणीला मी सोबत गेलो. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत अन्ननलिकेच्या मागे एक पांढरी पिशवी लोंबत होती. घशाच्या तळाशी असलेला स्नायू गिळताना वेळेवर सैल होत नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. वर्षानुवर्षं प्रत्येक घास त्याच्यावर धडकत राहिला आणि शेवटी वरची कमजोर भिंत फुगून पिशवीसारखी बाहेर आली. गिळलेलं अन्न तिच्यात साचून राहत होतं. बळजबरीत बहुधा असंच होतं. अडून बसणारा शाबूत राहतो आणि त्याच्या शेजारचा मऊ भाग मार खातो.

"हे गोळ्यांनी जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. " तोंडातून दुर्बीण घालून तो स्नायू आणि पिशवी व अन्ननलिका यांच्या मधली भिंत कापावी लागेल. नाहीतर एखाद्या दिवशी अन्न फुप्फुसात जाईल."

"म्हणजे गळा कापणार?" विनायकरावांचा आवाज चिरकला.

शालिनीबाई एक्स-रेवरून नजर काढत नव्हत्या. "माझा स्वयंपाक इथं कुजत होता होय!" त्या म्हणाल्या आणि डॉक्टरांकडे वळल्या. "कापा. हे हलले तर मी धरते."

विनायकराव हसले. त्या हसण्यातूनच खोकला उसळला आणि त्यांना खुर्चीवर आपटत राहिला. तो थांबल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि डॉक्टरांना ऑपरेशनची तारीख विचारली.