उजवी प्रदक्षिणा आणि डावीकडे ओढणारा ग्लायडर

ज्याचे वाहन जमिनीला धरून चालते आणि म्हणून कधी कोसळत नाही, त्या श्रीगजाननाला प्रथम वंदन. ज्याला आपला गरुड सेकंडहँड शोधावा लागला नाही, त्या श्रीविष्णूला दुसरे. आणि ज्याच्या नगरीत हा सारा उपद्व्याप घडला, त्या महाकालाला तिसरे. निमित्त एवढेच, की मी दुसरा ग्लायडर घेतला आणि तो माझ्या घरी कसा टिकला, हे सांगावे.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे छोटे विमान. जमिनीवर उभे राहून हातातल्या रेडिओने वळवायचे. संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झाल्यावर हे व्यसन मला रेल्वेतून निवृत्त झालेल्या माझ्या मेहुण्याने लावले. पहिला ग्लायडर मी शेतात नाकावर उतरवला आणि धावत जाताना रेडिओ हातातून निसटून माझ्याच पायाखाली आला. तुकडे पोत्यात भरून घरी आणले, तेव्हा पत्नीने निर्णय दिला : "आणखी एक घ्या. तो मोडला की हा विषय बंद, आणि बैठकीतलं हे भंगार बाहेर." शास्त्रांत मतभेद असतात, तिच्या निर्णयात नसतात.

टावर चौकाजवळच्या एका दुकानदाराने दोन रेडिओ समोर ठेवले. एकात विमानाचे नाक वर-खाली करणारी दांडी डाव्या हाताला होती, दुसऱ्यात उजव्या. मी तत्काळ दुसरा उचलला. डाव्या हाताने मी कुणाला खडीसाखरसुद्धा दिलेली नाही. आकाशस्थ वस्तूचे नाक त्या हाती कसे सोपवावे?

"जिजाजी, विमान उडवायचंय," मेहुणा म्हणाला. "तीर्थ नाही घ्यायचं."

"तीर्थ सांडलं तर पुन्हा मिळतं," मी म्हणालो.

ग्लायडर नानाखेड्याच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे होते. मुलीकडे राहायला जायचे म्हणून ते दोन जुने ग्लायडर विकत होते. एकाचे नाक मोडून पुन्हा चिकटवलेले, पण पंख सरळ. दुसरा अखंड, तुळतुळीत. मेहुण्याने दुसरा डोळ्यांसमोर धरला, शेपटीकडून पाहिले आणि तोंड वाकडे केले. "पंखाला पीळ आहे. हा डावीकडे ओढणार. फायबरचा आहे, पीळ निघायचा नाही. तो चिकटवलेला घ्या."

"खंडित मूर्ती पूजेत चालत नाही."

"गुरुजी," अधिकारी अदबीने म्हणाले, "इसकी पूजा नहीं करनी है, हवा में फेंकना है."

मी अखंडच घेतला. पीळ होता हे मान्य. पण मी नेहमी उजवीकडेच वळत असे. प्रदक्षिणा उजवीच. डावीकडे फिरणे म्हणजे पितरांना उगाच हाक मारणे, अशी माझी समजूत. रेडिओच्या दांडीने पीळ दाबून टाकू, असा माझा हिशेब होता.

पहिल्या उड्डाणाला पत्नी घडीची खुर्ची घेऊन शेतावर आली. "ताई शेवट बघायला आली," मेहुणा कुजबुजला. त्याने रबरी दोरीने ओढून ग्लायडर वर सोडला. समोर दोन घारी पंख न हलवता चढत होत्या. म्हणजे तिथे तापलेल्या जमिनीवरून गरम हवा उठत होती. अशा हवेत गोल फिरत राहिले की ग्लायडरही आपोआप वर जातो. घारी डावीकडे फिरत होत्या. पितरांचे कावळे त्यांचे शेजारी, तेव्हा त्यांना माफ. मी मात्र उजवीकडे.

ग्लायडरला ते मान्य नव्हते. मी दांडी उजवीकडे रेटत होतो, तो डावीकडे ओढत होता, आणि या भांडणात त्याची उंची संपत चालली. वाऱ्याने तो विजेच्या तारांकडे सरकला.

"जिजाजी, सोडा!" मेहुणा ओरडला. "त्याला जायचंय तिकडे जाऊ द्या!"

मी सोडले नाही. तेवढ्यात मागून खुर्ची पडल्याचा आवाज आला.

"अहो, महादेवाला पूर्ण गोल प्रदक्षिणा कधीपासून घालायला लागलात? पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, आणि उलटं फिरायचं! आपण राहतो कुणाच्या गावात? फिरवा डावीकडे!"

अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ ओलांडू नये, तिथून परतावे, हा नियम मी पाठशाळेत जन्मभर शिकवला. तो मला विजेच्या तारांपाशी आठवला नाही, तिला आठवला. मी अंगठा सैल केला. ग्लायडर स्वतःच डावीकडे वळला, घारींच्या मागे लागला आणि असा चढला, की मला टोपी धरून पाहावे लागले. बऱ्याच वेळाने तो खाली आला तोही पोटावर, शहाण्यासारखा.

पत्नीने तो उचलून सगळीकडून तपासला. "मोडला नाही," ती म्हणाली, तक्रारीच्या सुरात.

"ताई, तू गप्प बसली असतीस, तर बैठक रिकामी झाली असती ना!"

"हो, आणि मग हे दिवसभर तिथेच बसले असते."

वाचकहो, ऐन वेळी ओरडणारे एक माणूस तुमच्याही घरी सदैव असो. तुमच्या लेकराबाळांना आरोग्य लाभो, चूल तृप्त राहो, आणि वर उडणारे काहीही तुमच्या अंगणात न कोसळो, ही महाकालाच्या चरणी प्रार्थना.