सासूबाईंच्या बाजूची काच

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात मोटारीच्या काचेचं बटण एकदाही दाबलं नाही.

हे वाक्य मी चाळीस वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. आज लिहितोय, कारण गेल्या रविवारी आमच्या चिरंजीवांनी कहर केला. आमची नात रिया पुढच्या महिन्यात केनियाला निघाली आहे, सफारीला. त्यानिमित्त मुलाकडे, श्रूजबरीला, सगळे जेवायला जमलो होतो. रियाने सहज विचारलं, "सो, सफारीवर व्हॉट शुड आय एक्स्पेक्ट?"

लगेच आमचा मिलिंद कढीची वाटी खाली ठेवून म्हणाला, "जस्ट डोन्ट डू व्हॉट पणजी डिड!" आणि झाली गोष्ट सुरू!

ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे, आणि दर वेळी तिच्यातली माकडं वाढतात! मूळ माकड एक होतं. मिलिंदच्या लग्नात चार झाली. रविवारी अकरा होती, आणि लांबून एक सिंह येत होता! अरे, कुठला सिंह? सिंह पुढच्या फाटकापलीकडे होते! तू आठ वर्षांचा होतास आणि भीतीने सीटखाली शिरला होतास! गाडी मी चालवत होतो!

तेव्हा आता नीट ऐका.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सासूबाई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे अमेरिकेत आल्या होत्या, आणि आमच्याकडे नवी स्टेशन वॅगन आली होती. (नवी म्हणजे आम्हाला नवी. आधी ती एका दंतवैद्याची होती.) तिच्या काचा बटणावर चालत! ड्रायव्हरच्या दारावर चारही काचांची चार बटणं, बाकी प्रत्येकाच्या दाराला एकेक. ती मी इतक्या जणांना दाखवली होती, की इथल्या मराठी मंडळातले लोक मला बघून आपणहून म्हणायचे, "हो हो, पाहिलीत आम्ही बटणं."

चार तासांवर एक प्राणी-उद्यान होतं. आफ्रिकेतले प्राणी मोकळे आणि माणसं आपापल्या गाडीत बंद. फाटकावर भली मोठी पाटी होती : काचा बंद ठेवा, खायला घालू नका, गाडीतून उतरू नका. मी ती मोठ्याने वाचली. मग तिचं मराठी भाषांतर केलं. मग त्यावर दहा मिनिटं बोललो. (मी क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो. नियम हा माझा प्रांत.)

"अहो, कळलं," माझी बायको शैला शेजारून म्हणाली. "चला आता. मागचा माणूस हॉर्न देतोय."

सासूबाई माझ्या बरोबर मागे बसल्या होत्या. मांडीवर गूळपोळ्यांचा स्टीलचा डबा, त्याच्यावर दोन्ही हात. "दोन्ही" हा शब्द लक्षात ठेवा.

झेब्रे झाले. एक शहामृग बराच वेळ आमच्या वायपरकडे बघत बसलं. मग बबून आले. बबून म्हणजे कुत्र्याच्या तोंडाचं दांडगं माकड. त्यातलं एक धप्पकन आमच्या टपावर येऊन बसलं. आणि त्याच वेळी माझ्या बाजूला, वीस फुटांवर, एक जिराफ मान वळवून उभा राहिला. असा फोटो सांगलीला पाठवला असता तर... पण काचेवर ऊन चमकत होतं. मनात आलं, बोटभर काच उघडली तर कुणाला कळणार?

उजव्या हाताने कॅमेरा डोळ्याला लावला आणि डाव्या हाताने बटण दाबलं. काच हलेना. म्हणून आणखी जोरात दाबून धरलं. तरी हलेना! आणि मागून सासूबाईंचा अगदी शांत आवाज आला, "अरे अरे बाळा, चष्मा नको. चष्मा ठेव."

आरशात पाहिलं. मागची काच पूर्ण खाली होती. टपावरून एक केसाळ हात आत आला होता आणि सासूबाईंचा चष्मा बाहेर निघाला होता! पाठोपाठ तो हात परत आला आणि डबा गेला.

पुढच्या क्षणी मी ओरडलो, "आई! बटण कशाला दाबलंत?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही कळत नाही. (म्हणजे, कळतं.)

तेवढ्यात उद्यानाची पट्ट्यापट्ट्यांची जीप आली आणि भोंग्यावरून साऱ्या आफ्रिकेला ऐकू जाईल अशी घोषणा झाली, "वॅगन! रोल अप युअर विंडो!" मी काच वर घेतली. बबून समोरच्या बॉनेटवर येऊन बसला. ज्या डब्याचं झाकण उघडायला मला दर वेळी चमचा लागायचा, ते त्याने एका हाताने उघडलं! आमच्यासमोर पाच गूळपोळ्या खाल्ल्या आणि चष्मा घेऊन झाडावर गेला.

बाहेरच्या फाटकावर जीपवाल्याने विचारलं, "हू ओपन्ड द विंडो?" माझा अंगठा आपोआप मागे वळला.

"आईला कुठे ती बटणं कळतात?" शैला म्हणाली.

"म्हणूनच तर!" मी म्हणालो.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लागला असेल हात चुकून."

चष्मा परत मिळाला नाही. नवा सांगलीहून मागवला, तो त्या परत गेल्यानंतर आमच्या पत्त्यावर पोचला. मधल्या काळात मी त्यांना नायगारा दाखवला. कठड्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "छान आहे हो. आवाजावरून कळतंय."

त्या सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीत या प्रसंगावर नाटुकलं झालं, "बटण आजी". सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. प्रसंगावधान राखणाऱ्या शूर जावयाचं काम मी स्वतः केलं! वर बक्षीस घेतलं! थर्मास मिळाला. तो अजून गळत नाही, आणि मला त्यातला चहा अजून गोड लागत नाही.

विमानतळावर निरोप घेताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी अंदाजाने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "माधवराव, त्या बटणांकडे जरा लक्ष ठेवा. तुमच्या बाजूला फार आहेत."

बस्स, एवढंच. मुलीलासुद्धा कधी बोलल्या नाहीत. जावयाचा मान! त्या मानापायी ही बाई मरेपर्यंत बटण आजी राहिली.

म्हणून रविवारी, अकराव्या माकडाला, मी टेबलावर हात आपटला. कढी सांडली. "ती काच मी उघडली! आईंचे दोन्ही हात डब्यावर होते!"

मग रियाने उठून मला मिठी मारली. "ऑ, आजोबा! दॅट इज सो स्वीट!"

"स्वीट काय त्यात? मी खोटं बोललो!"

"बाबा, इट्स ओके," मिलिंद माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाला. "वी ऑल लव्ह्ड हर."

शैलाने डोळे पुसले. "आता धावताय होय आईला वाचवायला? तेव्हा कुठे होतात?"

"ड्रायव्हरच्या सीटवर!" मी ओरडलो. त्यावर सगळे पोट धरून हसले. चाळीस वर्षं खोटं सांगितलं ते सगळ्यांनी मानलं, आणि खरं बोललो तर लोक मला थोर समजू लागले!

रात्री मिलिंद आम्हाला घरी सोडायला निघाला. शैला पुढे, मी त्याच्या बरोबर मागे. मांडीवर उरलेल्या खिरीचा डबा, त्याच्यावर माझे दोन्ही हात. समोरच्या काचेवर वाफ धरली, म्हणून मिलिंदने न बघता दारावरचं बटण दाबलं, आणि माझी काच सर्रकन खाली गेली. बर्फाचा वारा थेट माझ्या कानात!

"अहो!" शैला ओरडली. "या थंडीत काच कशाला उघडलीत? अगदी आईवर गेलात!"

"बाबा, प्लीज, डोन्ट टच द बटन्स," मिलिंद आरशात बघत म्हणाला. त्याचं बोट अजून बटणावरच होतं.

मी तोंड उघडलं. मग डबा घट्ट धरला आणि म्हणालो, "लागला असेल हात चुकून."