हजेरीपटावरचं नाव

जीप विहारासमोर उभी होती आणि ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. टपावर आमची वळकटी आणि एक पत्र्याची पेटी बांधलेली होती. मांडीवर सहा महिन्यांची पोरगी होती. नवरा पुढच्या सीटवर गप्प बसलेला, कारण आदल्या दिवशी मी सगळ्या वस्तीसमोर भांडले होते.

आदल्या दिवशी आक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, शिक्षिकेची ऑर्डर आली होती. आमच्या वस्तीतली पहिली शिक्षिका. आईनं पेढे वाटले. मामानं पेढा तोंडात घोळवत म्हटलं, "एक पोरगी शाळेत चढली, दुसरी टोपल्यापाशी राह्यली. ज्याचं त्याचं नशीब."

मी म्हटलं, "मामा, त्या टोपल्यातूनच हिच्या वह्या आल्या. पेढा खाऊन झाला असंल तर हात पुसा अन् निघा."

त्यावर जे पेटलं ते संध्याकाळपर्यंत चाललं. सकाळी मी सामान बांधलं. आई जीपपाशी आली, भाकरीचं फडकं खिडकीतून आत दिलं आणि एवढंच म्हणाली, "तोंड सांभाळून राह्य तिथं." मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

राजूरहून जालना तासाभराचा रस्ता. एवढ्याला कुणी गाव सोडणं म्हणत नाही. हे वाचणाऱ्या वस्तीतल्यांनो, तुमच्यातले काही पुण्याला गेले, काही आखातात गेले, तुमच्या जाण्याला निरोप समारंभ झाले. पण ते तासाभराचं अंतर मी बावीस वर्षं जपलं. लग्नाला गेले, मातीला गेले, आणि प्रत्येक वेळी शेवटच्या गाडीची वाट न बघता परत आले.

माझा राग पेढ्यावरचा नव्हता. मी सातवीत असताना आई-बाप ऊस तोडायला अंकुशनगरकडे गेले. आक्का नववीत होती, तिला शाळेसाठी आत्याकडे ठेवलं. मला सोबत नेलं, मोळ्या उचलायला. सहा महिन्यांनी परत आलो तेव्हा हजेरीपटावरून माझं नाव कमी झालेलं होतं. त्याच पावसाळ्यात बाप वारला आणि मी आईबरोबर गणपतीच्या देवळाबाहेर पेरूची टोपली घेऊन बसायला लागले. ज्या वस्तीत शिक्षणापुढे दुसरं काही मोठं मानत नाहीत, त्या वस्तीत माझ्या आईनं माझी शाळा सुटू दिली. आक्काला निवडलं, मला नाही. हा हिशेब मी वर्षानुवर्षं मनात घोळवला, आणि दर वेळी उत्तर तेच आलं.

जालन्यात मी स्टँडबाहेर टोपलीपासून सुरुवात केली. मग हातगाडी, मग मार्केटात गाळा. आज मी झाडाखाली उभी राहून मोसंबीच्या बागेत किती माल निघेल ते सांगते आणि फारशी चुकत नाही. माझ्याशी भाव ठरवायचा असला की माणसं आधी पाणी पिऊन घेतात. हे मी गमतीनं सांगत नाही.

मग दोन वर्षांपूर्वी शेजारच्या सुनेबरोबर मला एका समुपदेशन केंद्रात जावं लागलं. तिथली बाई तासभर जवळजवळ काहीच बोलली नाही, आणि जी सून माझ्यापुढे कधी हूं की चूं करत नव्हती, तिनं सगळं सांगून टाकलं. मला हेवा वाटला. निघताना मी विचारलं, "ह्या कामाला काय लागतं?" ती म्हणाली, मानसशास्त्राची पदवी. पदवीला बारावी, आणि बारावी नसेल तर पूर्वतयारीचा वर्ग, मोठ्या माणसांसाठी, दर रविवारी. मी त्याच आठवड्यात नाव घातलं. वर्गात एक अंगणवाडी सेविका होती, एक एस.टी. कंडक्टर होता, आणि शाळकरी बाकांत शिरताना सगळ्यांचेच गुडघे वाजत होते. मॅडम माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील.

लेखी पेपर मला जड गेले नाहीत. अडलं ते प्रकल्पात. एका माणसाची मुलाखत घ्यायची, रेकॉर्ड करायची, काही प्रश्नांना एक ते दहामध्ये आकडा घ्यायचा. प्रकल्प मान्य झाला तरच बी.ए.ला मानसशास्त्र आणि समाजशास्त्र मिळणार. मी शेजारच्या गाळ्यावरचे कांद्याचे व्यापारी शकीलभाई यांना धरलं. विषय होता, रोजची काळजी.

"काळजी किती? एक ते दहात सांगा."

"सात लिख, बाई."

"सात? रोज दुपारी पोत्यावर घोरता की. पाच."

"पाचला न्हाई जमत. घरात दोन पोरींची लग्नं काढलीत."

"साडेपाच."

"सहा. तुझं न्हाई, माझं न्हाई."

"चला, सहा," असं म्हणून आम्ही हात मिळवला. सगळे प्रश्न असेच उरकले. दोघंही खूश.

मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि विचारलं, "ताई, हे आकडे त्यांचे आहेत की तुमचे?"

"दोघांचे," मी म्हणाले. "बराबर मधला काढलाय."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. हा सौदा आहे, मुलाखत नाही, म्हणाल्या, आणि प्रकल्प परत दिला. माझं डोकं सटकलं. मी उभी राहिले. "मॅडम, पहिला आकडा कधी खरा असतो का? बाजारात बसून बघा एकदा."

"नसेलही खरा," त्या म्हणाल्या. "पण तो त्यांचा असतो. आधी लिहून घ्यायचा. विचारायचं, आणि मग तुम्ही गप्प बसायचं. आठ दिवस आहेत."

मी वही आपटून निघाले. गाळ्यावर येऊन तिघांशी भांडले. पण वर्ष वाया जाणार होतं, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी दुसरं वर्ष घालायची हिंमत माझ्यात नव्हती. या वेळचा विषय मॅडमनी ठरवून दिला होता: घरात कुणी शिकायचं ते कसं ठरलं, हे एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून ऐकून घेणे. माझ्याकडे असं एकच माणूस होतं.

राजूरला गेले तेव्हा आई ओट्यावर शेंगा फोडत होती. मोबाईल दोघींच्या मधोमध ठेवला. ती म्हणाली, "हे काय करून राह्यली?" मी सांगितलं, अभ्यास आहे. पहिला प्रश्न विचारला. आक्काला ठेवलं आणि मला नेलं, ते कसं ठरलं?

"आत्या म्हणाली एकीला ठेवीन. दोघींचं खाणं तिला झेपत न्हाई. आक्काचं नववीचं वरीस होतं."

माझ्या जिभेवर बावीस वर्षांची उत्तरं तयार होती. मी ओठ आवळून बसले. आई दोन-तीन शेंगा फोडून थांबली. मी काही बोलत नाही हे तिला नवीन होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, परत शेंगांकडे बघितलं.

"तुझं नाव परत घालायला मी दोनदा गेल्ते शाळेत," ती म्हणाली.

हे मी कधी ऐकलं नव्हतं. तरी गप्प राहिले.

"पहिल्या बारीला व्हरांड्यात उभी राह्यले. आत टेबलावर मास्तर लिहून राह्यला होता. त्यानं वर बघितलंच न्हाई. मला वाटलं, काय म्हणावं? कागद मागितला तर? उशीर का केला म्हणला तर? आले परत. दुसऱ्या बारीला त्यानं विचारलं, काय पाह्यजे बाई. मी म्हणले, काही न्हाई, पाणी प्यायला आल्ते. पाणी पिले अन् आले."

"मास्तर वाईट नव्हता," शेंग उचलत ती म्हणाली. "बाजारात मी कुणाला आवरत न्हाई. तिथं माझं तोंडच उघडलं न्हाई. तुला काय सांगणार? तू म्हणली असती, एवढं बी जमलं न्हाई का."

म्हटलंच असतं मी. त्यापेक्षा वाईट बोलले असते. ज्या बाईकडून मी भाव करायला शिकले, ती एका टेबलापुढे मुकी झाली होती, आणि त्याची लाज तिनं एवढी वर्षं पोटात ठेवली. मी मात्र तिनं मला निवडलं नाही असं धरून चालले होते. छातीवरची गोणी कुणी उतरवून घ्यावी तसं मला झालं. रडू आलं नाही. भूक लागली.

"झालं का? बंद कर ते," आई म्हणाली, आणि शेंगांची मूठ माझ्या पुढ्यात ठेवली.

प्रकल्प मान्य झाला. प्रवेशाच्या दिवशी आई म्हणाली, मी बी येते. नवी साडी नेसून ती जालन्याला आली. खिडकीपाशी रांग होती. आमचा नंबर आल्यावर आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "कुणाचा प्रवेश?" मी कागद पुढे केले आणि तोंड बंद ठेवलं. आई खिडकीच्या कठड्याला धरून उभी होती. मागचा माणूस चुळबुळ करायला लागला. त्यानं पुन्हा विचारलं.

"माझ्या पोरीचा," आई म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं. "रत्नमाला. नाव घाला तिचं."

त्यानं नाव लिहिलं. आई ते लिहून होईपर्यंत बघत राहिली. तिला वाचता येत नाही.

आक्का, तू हे पुण्यात वाचशील. तुझ्यावर मी जो राग धरला, तो तुझा नव्हता. पेढ्याच्या दिवशी जे बोलले त्यातलं मामाला बोलले तेवढं मी परत घेत नाही. बाकीचं घेते.

आता सोमवारी गाळा मुलीवर सोडून मी राजूरला जाते. वहीत पूर्वग्रह, प्रतिसादक, समाजीकरण असे शब्द असतात आणि ओट्यावर शेंगांची टरफलं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की माझं घर जालन्यात आहे, गावात माझं काही नाही. जालन्याचं घर माझंच आहे, मी ते कमावलं आहे. पण तिथं मी बसले की कुणीतरी हाक मारतंच, माल आलाय, आडत्याचा फोन आलाय, दूध उतू गेलंय. गावच्या ओट्यावर मला कुणी उठवत नाही. माझ्यासाठी आता घर म्हणजे तेवढंच, आणि ते मला पुरतं.

मागच्या सोमवारी शेजारीण चुलीला विस्तव मागायला आली आणि मला हाक मारायला लागली. आईनं तिला दारातच अडवलं.

"मागून ये," ती म्हणाली. "पोरगी वाचून राह्यली."